कर्नल सी. के. नायडू : सीमारेषेपलीकडून

आमच्या सेलूहून नागपूरला जाणारी एस. टी. बुटीबोरी मागे टाकून जामठ्याला आली की क्रिकेटचे भव्य मैदान दिसते. दिसते म्हणजे त्याच्या भिंती आणि दिव्यांचे उंच खांब दिसतात. आतला खेळ दिसत नाही. या रस्त्याने मी कितीदा गेले असेन, पण आत एकदाही पाऊल टाकलेले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर विदर्भाचा संघ तेथे केरळविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळत होता. त्याच वेळी मी कॉलेजच्या एका कागदासाठी नागपूरला निघाले होते. बसायला जागा नव्हती. शेजारच्या काकूंच्या पिशवीवरून मान वाकडी करून मी मोबाईलवर धावा पाहत होते. सामना हाकेच्या अंतरावर, आणि मी त्याचे आकडे वाचते आहे! खेळाचे वेड लागलेल्या माणसाची गत अशीच असते. खेळणारा एक, आणि तळमळणारे हजार.

हे वेड मला आबाजींकडून मिळाले. आबाजी चौथीपर्यंत शिकलेले. पऱ्हाटीच्या शेतात जाताना एका खांद्यावर दुपट्टा आणि दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर. भारत हरला की त्या दिवशी बैलांशीसुद्धा बोलत नसत. कोणी सुनील गावसकरांची थोरवी सांगू लागला की ते मुकाट्याने ऐकून घेत आणि शेवटी म्हणत की आपल्या नागपूरचे सी. के. वेगळेच होते. सी. कें.ना त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या वडिलांनीही पाहिले नव्हते. तरी ते ‘आपले’! या ‘आपले’पणात खरे किती, हे पाहावे म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे आंध्रातले, तेलुगू भाषिक. आजोबा नागपुरातले मोठे वकील, वडील केंब्रिजला जाऊन शिकून आलेले. म्हणजे घरची स्थिती आमच्यासारखी नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. क्रिकेट त्या काळी साहेबांचा, संस्थानिकांचा आणि वकील-डॉक्टरांच्या मुलांचा खेळ होता. पण पाहणारे मात्र सर्व थरांतले होते.

१९१६ साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले. सात गडी ७९ धावांत परतलेले. नव्या पोराने अशा वेळी मान खाली घालून चेंडू अडवावेत, अशी रीत. यांनी पहिल्या धावा काढल्या त्या षटकाराने! पुढे जन्मभर त्यांची फलंदाजी तशीच राहिली. उंच, ताठ, सडसडीत बांधा. लांब पावले टाकीत ते खेळपट्टीकडे निघाले की मंडपातली माणसे उठून उभी राहत.

१९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी त्यांना आपल्याकडे बोलावले, सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. आणि नागपूरचा हा खेळाडू कायमचा इंदूरवासी झाला. आबाजींच्या सांगण्यात हा भाग कधीच येत नसे. येथे माझी पहिली निराशा झाली. जो आपला म्हणून मिरवायचा, तो अठ्ठाविसाव्या वर्षीच दुसऱ्या गावी गेला! आता विचार करते तर वाटते, त्यात नवल ते काय? सेलूची किती पोरे आज पुण्यात आहेत, आणि त्यांना आपण आपलीच म्हणतो ना?

आता १ डिसेंबर १९२६ या दिवसाविषयी. या दिवसाबद्दल जितके वाचावे तितके थोडे. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंशी सामना. त्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. तेथे देशी माणूस दिसायचा तो ट्रे घेतलेला नोकर म्हणून. आदल्या दिवशी गाय अर्ल या इंग्रज फलंदाजाने आठ षटकार मारून १३० धावा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सी. के. खेळायला आले. सुरुवातीलाच षटकार गेला आणि ही बातमी बाहेर फुटली. मग कचेऱ्यांतून कारकून निसटू लागले, दुकानदार गल्ला पोरावर सोपवून निघाले. मैदानाभोवतीची झाडे माणसांनी भरली, गच्च्या भरल्या. मॉरिस टेटसारखा जगप्रसिद्ध गोलंदाज समोर असताना सी. कें.नी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. ११ षटकार आणि १३ चौकार! एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. ज्या छपराखाली जाण्याची आपल्या माणसाला मनाई होती, त्याच छपरावर. झाडावरच्या माणसांना काय वाटले असेल?

मला मात्र राहून राहून दुसऱ्याच माणसांची आठवण येते. बातमी ऐकून गिरगावातून, परळातून धावत निघालेली आणि पोचेपर्यंत खेळी संपलेली, अशीही माणसे असतीलच. त्यांनी उरलेला जन्म कसा काढला असेल? आमच्याकडे सामना रंगात आला की हमखास वीज जाते, त्यामुळे ते दुःख मला चांगले कळते.

त्या खेळीनंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी झाली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कप्तान नेमले ते पोरबंदरचे महाराज, उपकप्तान लिंबडीचे राजपुत्र. राजे असल्याशिवाय कप्तानी कशी मिळणार! पण प्रत्यक्ष कसोटीची वेळ आली तेव्हा महाराज समंजसपणे बाजूला झाले, लिंबडीकर दुखापतीमुळे उतरू शकले नाहीत, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी कप्तान म्हणून सी. के. नायडू मैदानात आले. इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत बाद! क्षेत्ररक्षण करताना हात दुखावला असूनही सी. कें.नी पहिल्या डावात ४० धावा केल्या, आपल्या बाजूच्या सर्वाधिक. आपण १५८ धावांनी हरलो. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा आणि ३२ षटकार मारले. विस्डेनने १९३३ साली त्यांना वर्षातील पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले.

१९३३ च्या डिसेंबरात आपल्या भूमीवरची पहिली कसोटी त्याच मुंबई जिमखान्यावर झाली. सी. के. आणि तरुण लाला अमरनाथ यांनी १८६ धावांची भागी केली, अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. लोक बेभान झाले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले म्हणतात. आणि सामना? तोही आपण नऊ गड्यांनी हरलो. असा आनंद आणि असा पराभव एकाच पानात वाढलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. १९३६ च्या दौऱ्यात कप्तान झाले विजयनगरमचे महाराजकुमार. खेळापेक्षा खटपटीत त्यांची ख्याती अधिक. संघात तट पडले, अमरनाथांना अर्ध्यातून घरी पाठवले गेले. या भांडणात सी. के. अगदी निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. स्वभाव करडा, बोलणे तुटक, मनात धरून ठेवण्याची सवय. पण ओव्हलवर शेवटच्या डावात चेंडूचा जबर मार खाऊनही ते उभे राहिले आणि ८१ धावा करून परतले. तीच त्यांची अखेरची कसोटी. एकूण कसोट्या सात, धावा ३५०. आजच्या आकडेशास्त्र्यांना हे आकडे दाखवले तर ते नाक मुरडतील.

येथे एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. सी. कें.ची लोकप्रियता ज्या मुंबईच्या स्पर्धेने वाढवली, तिच्यात संघ धर्मावर पाडलेले असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पुढे इतर. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचा सल्ला घ्यायला थेट वर्ध्याला आले. देशात सत्याग्रह, जगात युद्ध, अशा वेळी असले सामने थांबावेत आणि मुळात खेळात धर्मावर संघ पाडूच नयेत, असा अभिप्राय गांधीजींनी दिला. त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. हजारो रसिकांचा हिरमोड झाला असणार. मीही त्या काळी मुंबईत असते तर बहुधा मनातून रागावलेच असते, आणि नंतर त्या रागाची लाज वाटली असती. कारण मुश्ताक अली हा सी. कें.नी इंदुरात हेरलेला मुलगा. मुंबईत तो मुस्लिम संघातून त्यांच्याविरुद्ध खेळे, आणि इंदुरात त्यांच्याच हाताखाली होळकर संघात. पाहणाऱ्याने मग टाळ्या कोठे वाजवायच्या? १९४६ नंतर ती स्पर्धा संपली, ते बरेच झाले.

होळकर संघ हे सी. कें.चे खरे घर. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे एकेक खेळाडू, आणि त्यांच्यावर कर्नलसाहेबांची लष्करी शिस्त. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक इंदूरला गेला. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू त्यांच्या तोंडावर बसला, दात पडले. वय ५६. त्यांनी दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, औषधपाणी नाकारले आणि पुढचा चेंडू तसाच वेगाने टाकायला सांगितले. १९५६ साली पद्मभूषण मिळाले. ६१ व्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून राजस्थानविरुद्ध ८४ धावा केल्या, त्यात विनू मंकडांना दोन षटकार! १९६३-६४ मध्ये, ६८ व्या वर्षी, एका मदतनिधीच्या सामन्यात ते शेवटचे खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू पुढे इंग्रजी प्राध्यापिका झाल्या आणि क्रिकेटचे धावते समालोचन करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला ठरल्या. हे मला आधी कळले असते तर घरी सामना पाहताना माझ्या बडबडीवर हसणाऱ्या भावाला मी गप्प केले असते.

आणि विदर्भ? १९५७-५८ पासून आमचा संघ रणजीत खेळत होता आणि बहुतेक हरत होता. आबाजींचे सारे तारुण्य आणि म्हातारपण त्या हरण्यात गेले. वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ ते माझ्याकडून वाचून घेत आणि पेपर घडी करून ठेवून देत. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली होती. मी तेव्हा बारा वर्षांचीही नव्हते. टी. व्ही.वर मैदानाचे नाव आले तेव्हा आबाजींनी मला ते मोठ्याने वाचायला सांगितले. होळकर स्टेडियम, इंदूर. मी वाचले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले. मग उठून पायात चपला सरकवल्या आणि बैलांना कडबा टाकायला निघून गेले. त्या संध्याकाळी गोठ्यातून बराच वेळ त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.