एल्फिन्स्टन साहेब आणि मावळातील गावगाडा

टाकवे बुद्रुक हे गाव आंदर मावळात, आंद्रा नदीच्या खोऱ्यात, कान्हे स्थानकापासून उत्तरेस थोड्या अंतरावर वसलेले आहे. त्या बाजूच्या आमच्या विद्यार्थ्यांस ग्रामपंचायत, सरपंच, ग्रामसभा हे शब्द पाठ आहेत. वडगावची पंचायत समिती आणि पुण्याची जिल्हा परिषदही त्यांस ठाऊक आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी, ही नावे कोणी ऐकलेली नसता, याच खोऱ्यात बांधाचा तंटा कोण तोडीत असे, सारा कोण गोळा करीत असे, वाटसरूस पुढील गावापर्यंत कोण पोहोचवीत असे, असे विचारले तर उत्तर सहसा येत नाही. ज्या परकी गृहस्थाने या प्रश्नांची उत्तरे कसोशीने मिळविली व लिहून ठेविली, त्याचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ते गृहस्थ म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

१७७९ च्या जानेवारीत आपल्याच वडगावी इंग्रजी फौजेस मराठ्यांपुढे नमते घेऊन तह करावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ६ तारखेस स्कॉटलंडात एका उमरावाच्या घरी एल्फिन्स्टन जन्मले. त्यांचे वडील पुढे एडिंबरो किल्ल्याचे अधिकारी होते. त्या किल्ल्यात फ्रेंच कैदी ठेविलेले असत. हा मुलगा त्यांच्यात जाऊन बसे, त्यांची राज्यक्रांतीची गाणी शिके आणि त्यांच्यासारखे लांब केस राखून मिरवीत असे. घरच्यांस हे आवडले असेल असे वाटत नाही! अभ्यासात त्यांनी मोठासा नावलौकिक मिळविला नाही. विद्येची खरी गोडी त्यांस हिंदुस्थानात आल्यावर लागली, आणि मग ती जन्मभर सुटली नाही.

१७९६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास उतरले. काशीस असता १७९९ मध्ये वजीर अलीच्या लोकांनी इंग्रजांची कत्तल आरंभिली, तेव्हा ते घोड्यावरून निसटून वाचले. १८०१ च्या सुमारास त्यांची नेमणूक पुण्याच्या दरबारी झाली. १८०३ च्या असईच्या लढाईत ते वेलस्ली सेनापतीच्या सोबत होते. पुढे नागपूर दरबारी वकील, नंतर अफगाणांच्या राजाकडे पेशावरपर्यंत वकिली, आणि १८११ पासून पुण्यास रेसिडेंट, असा त्यांचा क्रम झाला. या धामधुमीतही फारसी आणि ग्रीक ग्रंथ त्यांच्या तंबूत असतच.

पुण्यातील त्यांच्या राजकारणाविषयी इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे. आम्ही ते येथे विस्तारीत नाही. त्र्यंबकजी डेंगळे, गंगाधरशास्त्र्यांचा १८१५ मधील खून आणि बाजीरावाशी वाढत गेलेले वैर या गोष्टी विद्यार्थ्यांनी वाचल्याच असतील. १८१७ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरील त्यांचा बंगला जाळण्यात आला आणि त्यांची पुस्तके व हस्तलिखिते भस्मसात झाली. पेशवाई बुडविण्याच्या कामी एल्फिन्स्टन यांचा हात मोठा होता, हे कोणीही नाकारू नये. त्यांचे गुण सांगताना तेवढे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१८१८ मध्ये पेशव्यांचा जिंकलेला मुलूख कमिशनर या नात्याने त्यांच्या हाती आला. त्या वेळी इतर प्रांतांत कंपनीचे अधिकारी नवे कायदे घालून देण्याच्या घाईत होते. एल्फिन्स्टन यांनी तसे केले नाही. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, कर्नाटकात चॅपलिन व साताऱ्यास ग्रँट असे अधिकारी नेमून त्यांनी सर्वांस बजाविले की, रूढ आहे ते मोडू नये, वतने व इनामे चालू ठेवावीत, आणि आधी चौकशी करावी. बाजीरावाच्या कारकिर्दीत परगणे इजाऱ्याने देण्याची चाल पडली होती. जो अधिक रक्कम बोलेल त्यास परगणा मिळे. तो ती रक्कम मामलेदारी पोटइजाऱ्याने देऊन वसूल करी, आणि अखेर सगळा भार पाटलावर व कुळावर येऊन पडे. हा इजारा त्यांनी बंद केला. खेड्यातील कुळास जर काही सुख लाभले असेल तर ते या एका हुकुमाने अधिक लाभले, असे आमचे मत आहे.

चौकशीचे फळ म्हणजे १८१९ च्या ऑक्टोबरातील त्यांचा अहवाल. त्यात त्यांनी गावाचे जे वर्णन केले आहे त्याचा मथितार्थ असा की, प्रत्येक गाव हे लहानसे राज्यच असून वरचे सरकार नाहीसे झाले तरी ते आपल्या माणसांचे रक्षण बहुतांशी करू शकेल. गावाचा मुख्य पाटील, त्याच्या हाताखाली चौगुला, हिशेब कुलकर्ण्याकडे. पाटील सरकारपुढे गावाच्या वतीने बोले आणि गावापुढे सरकारच्या वतीने, म्हणून दोन्हीकडून त्याची ओढाताण होई. ज्यांची जमीन वंशपरंपरेची ते मिरासदार, आणि जे मुदतीने कसत ते उपरी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी आदी बलुतेदार खळ्यावर आपला वाटा घेत. आपल्या मावळात तो भाताचा असे. रोकड पैसा गावात फारसा फिरत नसे, तरी नांगराचा फाळ आणि पाण्याचा घडा अडून राहत नसे.

न्यायाची पद्धती तर मुलांनी मुद्दाम समजून घ्यावी. पाटील प्रथम समजुतीने तंटा मिटवू पाही. न मिटला तर पंच बसवी. पंच म्हणजे वादीप्रतिवादींस ओळखणारी, गावची वहिवाट जाणणारी माणसे. काम चालू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून निकाल मान्य करण्याचा कागद घेत. त्यास राजीनामा म्हणत. हल्ली हा शब्द नोकरी सोडण्याच्या अर्थी उरला आहे. पूर्वी त्यात राजी होणे हाच अर्थ होता. वतनाचे मोठे तंटे गोतसभेपुढे जात, आणि तेथे झालेल्या निवाड्याचा महजर लिहून ठेवीत. एल्फिन्स्टन यांनी या पद्धतीचे दोषही लपविले नाहीत. पंचांस वेतन नसे, बसण्याची सक्ती नसे, काम महिनोन्‌महिने रेंगाळे, दांडग्या माणसाचे वजन पडे, लाचही चाले. तथापि लोकांस कळणारा आणि परवडणारा न्याय तो हाच, म्हणून पंचायत जतन करावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्याच काळात पुण्याच्या रेसिडेंसीचे डॉक्टर कोट्स यांनी पुण्यानजीकच्या लोणी या गावाची माणसे, घरे, पिके, औजारे व खाणेपिणे यांची बारकाईने पाहणी करून निबंध लिहिला, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीने तो १८२३ मध्ये छापिला. वरच्या वर्गातील मुलांनी आपल्या गावाविषयी असा एखादा निबंध लिहून पाहावा. दहा पानांत गाव मावत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

आता या वर्णनात आम्हांस जे उणे दिसते ते सांगतो. गावाची सीमा ज्यास तोंडपाठ, सरकारी टपाल व वसूल जो पोहोचवी, वाटसरूचे ओझे जो पुढील गावापर्यंत वाही, तो महार स्वतः वेशीबाहेर राहत होता. त्याच्या साक्षीवाचून सीमेचा निवाडा होत नसे, परंतु पंचांच्या बैठकीत त्यास इतरांच्या बरोबरीने जागा नव्हती. स्त्रियांचीही तीच गत. आंदर मावळाच्या डोंगरकडेस राहणारे ठाकर व कातकरी यांची तर बारा बलुत्यांत गणनाच नव्हती. लहानसे राज्य खरे, पण त्याची प्रजा कोण आणि राजा कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकर यांनी इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेल्या ग्रामसंस्थांच्या स्तुतीवर कठोर टीका केली ती याच अनुभवाच्या बळावर. महार वतनाविरुद्ध तर ते १९२८ पासून कायदेमंडळात झगडत होते.

१८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. या अवधीत पुण्यास १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, मराठी शालेय पुस्तके छापण्यास साह्य मिळाले, आणि १८२७ मध्ये त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली कायद्यांची संहिता अमलात आली. त्या संहितेने पंचांकडे जाण्याची मुभा ठेविली होती. परंतु जेथे सरकारी अदालत उघडी आहे आणि तेथे हुकूम बजावणारा शिपाई आहे, तेथे हरण्याची भीती असलेला पक्ष पंचांपुढे राजीनामा का लिहून देईल? पंचायतीमागील पाटलाचा व सरकारचा दाब निघून गेला आणि ती हळूहळू ओस पडली. पुढे मोजणी होऊन साऱ्याचा आकार प्रत्येक कुळावर निराळा बसला; तेव्हा सबंध गावाच्या रकमेसाठी घासाघीस करणारा पाटील केवळ सरकारी नोकर होऊन बसला. जे जतन करावे असे एल्फिन्स्टन यांनी लिहिले, ते त्यांच्याच राज्ययंत्राने झिजविले. यात त्यांची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. परक्या सत्तेस आपला हुकूम शेवटचा ठेवावाच लागतो, आणि गावचा न्याय तर गावातच शेवटचा व्हावा लागतो; या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या नाहीत.

रिपन साहेबांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला; १९२० मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला. हल्लीची टाकव्याची पंचायत १९५८ च्या कायद्याखालील आहे. त्याच वर्षी महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. कुलकर्णी वतन त्यापूर्वीच, १९५० च्या कायद्याने, गेले होते. मुलकी पाटीलकी पुढे १९६२ च्या कायद्याने गेली. १९९३ पासून घटनेनेच पंचायतींस आधार दिला असून अनुसूचित जातींस व जमातींस त्यांत राखीव जागा आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांस आहेत. गावातील प्रत्येक मतदारास ग्रामसभेत बसण्याचा व विचारण्याचा हक्क आहे. मिरासदार की उपरी, वेशीच्या आतला की बाहेरचा, हे तेथे कोणी विचारू शकत नाही.

एल्फिन्स्टन यांचे उत्तरायुष्य सांगावयाचे राहिले. १८२७ मध्ये त्यांनी मुंबई सोडली तेव्हा लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ अध्यापकांच्या वेतनासाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. एल्फिन्स्टन कॉलेजचा उगम तोच. विलायतेस गेल्यावर गव्हर्नर जनरलची जागा त्यांस देऊ केली असता त्यांनी ती नाकारिली. १८४१ मध्ये त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला, आणि त्यातही ग्रामसंस्थेस त्यांनी स्वतंत्र जागा दिली. विवाह त्यांनी केला नाही. पुढे डोळे अधू झाल्यामुळे दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घेत. १८५९ च्या नोव्हेंबरच्या २० तारखेस, इंग्लंडातील लिंप्सफील्ड या लहानशा गावी त्यांचा अंत झाला. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात आहे.