मांडीतली पट्टी आणि खांद्यातली पट्टी : डॉ. शिरोडकरांची गोष्ट

समजा, तुम्ही केनवडचे आहात. सोयाबीनचं पोतं उचलताना काकांच्या खांद्यात कट्‌कन आवाज झाला. एमआरआयमध्ये टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पार फाटलेली निघाली. नुसत्या टाक्यांनी भागणार नाही, दात्याच्या ऊतीची पट्टी लावावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घरात सगळ्यांना एकच भीती : दुसऱ्याची कातडी आपल्या अंगात टिकेल का?

याचं उत्तर शोधताना आम्हाला एक डॉक्टर भेटले. खांद्याचे नव्हे, बाळंतपणाचे!

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. आडनाव गावावरूनच आलेलं. (सिंधुदुर्गातलं शिरोडा वेगळं, गल्लत करू नका.) तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. शाळा हुबळीला झाली, मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज. १९२३ ला एमबीबीएस, १९२७ ला एमडी. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफआरसीएस झाले आणि परत मुंबईत आले. जे. जे. रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं बाया तपासल्या आणि विद्यार्थी शिकवले.

त्यांच्याकडे अशा बाया यायच्या ज्यांचा गर्भ दर वेळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडायचा. दुखणं फारसं नाही, आधी काही लक्षण नाही. घरचे दोष सुनेला द्यायचे. शिरोडकरांनी पाहिलं की यातल्या काहीजणींच्या गर्भाशयाचं तोंड सैल असतं. वजन वाढलं की ते आपोआप उघडतं. म्हणजे प्रश्न चक्क मेकॅनिकल होता. पिशवीचं तोंड आवळून बांधायचं, एवढंच. पण बांधायचं कशानं?

त्यांनी बाईच्याच मांडीतून पट्टी काढली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं, त्याला फॅशिया लाटा म्हणतात. त्याची बारीक पट्टी गर्भाशयाच्या तोंडाभोवती फिरवून बांधायची. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिरोडकर टाका हे नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपा टाका काढला, पुढे मांडीच्या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या टेपनं घेतली. तरी नाव राहिलं. त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७१ मध्ये पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

आता ही पट्टी मांडीतून खांद्यात कशी पोचली ते बघू. २०१३ मध्ये जपानचे डॉ. मिहाता यांनी, शिवता न येणारा खांदा दुरुस्त करण्यासाठी हीच फॅशिया लाटा वापरून मिळालेले निकाल मांडले. पट्टीचं एक टोक खांद्याच्या खोबणीच्या वर, दुसरं दंडाच्या हाडावर. अमेरिकेत अनेक सर्जन रुग्णाच्या मांडीला हात न लावता दात्याची त्वचा वापरू लागले. काकांना लावणार आहेत ती बहुधा अशीच.

पण दात्याची म्हणजे परकी ना? मग शरीर ती फेकत कसं नाही? कारण शरीर मुख्यतः पेशी ओळखून हल्ला करतं, आणि या पट्टीतल्या पेशी आधीच धुऊन काढलेल्या असतात. उरतं ते कोलॅजनचं जाळं. त्यामुळे किडनी बदलल्यावर लागतात तशा गोळ्या इथे लागत नाहीत. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तिथे दात्यांचं हाड आणि वारेचं पातळ आवरण गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलचा डिस्प्ले बदलला की फोन त्याच दिवशी चालतो. पट्टीचं तसं नाही. तो मांडव आहे, वेल अजून चढायचा आहे. आधी सूज येते. मग कडेच्या जिवंत भागातून बारीक रक्तवाहिन्या आणि काकांच्या स्वतःच्या पेशी जाळ्यात शिरतात. त्या जुनं कोलॅजन हळूहळू काढतात आणि नवं विणतात. स्वतःच्या मांडीतली पट्टी असली तरी हाच प्रवास होतो. तिच्यातल्या पेशीही बऱ्याचशा मरतात, नव्या येतात.

जुनं निघतंय आणि नवं अजून पक्कं नाही, या मधल्या काळात पट्टी ऑपरेशनच्या दिवसापेक्षाही कमजोर असू शकते. आणि नेमकं तेव्हाच दुखणं कमी झालेलं असतं! काकांना वाटतं बरं झालं, आणि ते पोत्याला हात घालतात. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास, आणि आतली विणकाम-दुरुस्ती वर्षभर चालू. पट्टी हाडाला धरायलाही वेळ लागतो. साखर वाढलेली असेल तर आणखी उशीर. खर्ऱ्याचंही सांगून टाकतो : तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि इथे सगळी मदार नव्या रक्तावरच.

डिस्चार्ज कार्डवर ऑटोग्राफ्ट लिहिलंय की ॲलोग्राफ्ट, ते बघा. पहिलं म्हणजे स्वतःची ऊती, दुसरं म्हणजे दात्याची. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि झोळी कधी काढायची ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. काकांच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये.