तारांना वाणी देणारा कारागीर : लिओ फेंडर

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले होते आणि पेडण्याची पुनव जवळ आली होती. त्या दिवसांत डिचोलीच्या एका तरुण गिटारवादकाने पेडणे महालातील एका खेड्यातून एक जुनी पेटी विकत आणली. बोटीवर नोकरी करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा एका वृद्ध खलाशाच्या घरी ती कित्येक वर्षे मुकी पडून होती. पेटी लाकडाची, तिच्यावर जुन्या प्रवासी ट्रंकेला असते तसे पिवळसर जाड कापड चढविलेले, पुढच्या बाजूस कापडी पडद्याआड कर्णा आणि वर काही खटके. तो व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा ध्वनिवर्धक होता. तरुण माझ्या शेजारचा असल्यामुळे पेटी उघडताना दिवा धरण्याचे काम माझ्याकडे आले.

पेटी उघडण्यासाठी ज्यांना बोलाविले, ते गृहस्थ एके काळी बाजारात रेडिओ दुरुस्त करीत. त्यांनी मागची फळी काढली. आत एक पिवळा पडलेला कागद चिकटविलेला होता. पेटीत कोणकोणते व्हॉल्व्ह आहेत आणि कोणता कोठे बसतो, हे त्यावर छापले होते. कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का होता. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. त्यांवरून पेटी मार्च १९५९ मधील ठरली. लोखंडी पत्रा खाली घेतल्यावर दिसले की, आतील सारे भाग एकाच पट्टीवर, अंकलिपीत अक्षरे मांडावीत तसे ओळीने मांडलेले आहेत. एकाखाली एक दडपलेले काही नव्हते. म्हातारबाबा बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग हळूच म्हणाले की, ज्याने ही पेटी घडविली त्याला दुरुस्ती करणाऱ्या माणसाची आठवण होती.

हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. पेटीवर फेंडर हे नाव होते. गिटार वाजविणाऱ्या गोमंतकीय मुलांना हे नाव ठाऊक असते. परंतु त्या नावाचा एक माणूस होऊन गेला, आणि त्याने आपले आयुष्य मोडक्या वस्तूंच्या सहवासात आरंभिले, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याचेच चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम व फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडील शेतकरी, संत्र्यांच्या बागेवर त्यांचा चरितार्थ चाले. लिओ आठ वर्षांचा असताना एका आजारात त्याचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. तेराव्या वर्षी नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला मोटारींच्या टाकाऊ विद्युत्-भागांनी भरलेले एक खोके आणि एक बॅटरी पाठविली. या गृहस्थांचे सांता मारिया येथे मोटारींची विजेची कामे करण्याचे दुकान होते. पुढील वर्षी लिओ तेथे गेला, तेव्हा सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ तेथे मोठ्याने वाजत होता. तो आवाज त्या मुलाच्या कानांत जन्मभर राहिला. घरी परतल्यावर त्याने इतरांचे बिघडलेले रेडिओ उघडून पाहण्यास आणि दुरुस्त करण्यास प्रारंभ केला.

आश्चर्य असे की, विद्युत्-शास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. १९२८ मध्ये शाळा संपल्यावर महाविद्यालयात तो हिशेबलेखन शिकला. पुढे एका बर्फाच्या कंपनीत प्रथम माल पोहोचविण्याचे व नंतर हिशेबनिसाचे काम त्याने केले. राज्याच्या रस्ते खात्यातही तो हिशेबनीस होता. परंतु तो काळ जागतिक मंदीचा होता. रस्ते खात्यातील त्याची जागाच रद्द झाली. त्यानंतर टायरांच्या एका कंपनीत काम मिळाले, तेही सुमारे सहा महिन्यांत सुटले. लिओचे लग्न होऊन चारच वर्षे झाली होती. अशा वेळी दुसरा एखादा तिसऱ्या नोकरीच्या शोधात निघाला असता. लिओने १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

हे दुकान हीच त्याची खरी पाठशाळा होय. तेथे रेडिओ येत, ध्वनिमुद्रिका विकल्या जात, सभासमारंभांसाठी ध्वनिवर्धक भाड्याने दिले जात. आणि तेथेच गावोगाव फिरणारे वादक आपल्या नादुरुस्त पेट्या घेऊन येत. प्रवासात हादरून निखळलेले डाख, फुटलेले कोपरे, तुटलेल्या तारा यांतून वस्तू कोठे मोडते हे त्याला कळले. आणि जी वस्तू उघडण्यासच तासभर लागतो, ती बनविणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्यावर अन्याय केला आहे, हेही या धंद्यात कोणालाही उमगावे असेच होते.

एक डोळा नसल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात जावे लागले नाही. याच काळात डॉक कॉफमन या वाद्यकारागिराशी त्याची मैत्री जमली. १९४५ मध्ये दोघांनी मिळून मांडीवर ठेवून वाजवावयाची विजेची गिटार आणि तिचे ध्वनिवर्धक तयार करण्याचा कारखाना काढला. परंतु धंद्यातील जोखमीला भिऊन कॉफमन १९४६ मध्ये बाजूला झाला. लिओने कारखाना एकट्याने चालविला आणि त्याला स्वतःचे नाव दिले.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या व्हॉल्व्हवर ही सारी विद्या उभी होती, तो व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे येथे समजून घेऊ. व्हॉल्व्ह ही हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील एक भाग तापला म्हणजे त्यातून विद्युत्-कण बाहेर पडतात आणि समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. १९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंग यांनी अशी पहिली नळी बनविली. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोन भागांमध्ये तारेची एक जाळी बसविली. या जाळीवर लहानसा विद्युत्-दाब आला की कणांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशी असलेली फळी एका हाताने वरखाली करावी आणि पाणी बागभर वाहावे, तसाच हा प्रकार. गिटारच्या तारेचे सूक्ष्म कंपन जाळीवर येते आणि कर्ण्यातून सभागृह भरून टाकणारा नाद निघतो. गोमंतकाच्या इतिहासातही या नळीला स्थान आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून जे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, त्याचा आवाज अशाच व्हॉल्व्हांच्या बळावर सीमेपलीकडे पोहोचत असे.

फेंडरने व्हॉल्व्हचा शोध लावला नाही. त्याचे सामर्थ्य मांडणीत होते. आमच्या पेटीत पाहिलेली ती पट्टी, सुट्या होणाऱ्या फळ्या, हाताने काढता-घालता येणारे व्हॉल्व्ह आणि आतला तो कागद, हे सारे दुकानातील अनुभवाचे फळ होते. हाच विचार त्याने गिटारमध्ये उतरविला. पोकळ गिटारचा आवाज फार वाढविला म्हणजे ती घोंघावू लागते. म्हणून त्याने भरीव लाकडाची गिटार केली. १९५० मध्ये ती विक्रीस आली आणि पुढच्या वर्षापासून टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा दांडा डिंकाने न जोडता स्क्रूंनी बसविलेला होता. बिघडला तर काढावा आणि दुसरा लावावा. १९५१ मध्ये त्याने विजेची बेस गिटार आणली, त्यामुळे माणसाएवढे उंच खर्जवाद्य पाठीवर वाहण्याचे कष्ट कित्येक वादकांचे वाचले. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली आणि जगभर गेली. या सर्व वाद्यांचा जनक स्वतः मात्र गिटार वाजवीत नव्हता. लहानपणी पियानो व सॅक्सोफोन यांचे थोडे शिक्षण, एवढीच त्याची संगीतविद्या.

ही उणीव त्याने ऐकण्याने भरून काढली. नवी वस्तू तयार झाली की तो ती वादकांच्या हाती देई आणि त्यांच्या तक्रारी लक्षपूर्वक ऐके. डिक डेल नावाचा एक तरुण वादक इतक्या जोराने वाजवी की त्याच्यापुढे ध्वनिवर्धक आणि कर्णे जळून जात. फेंडरने त्याला दोष दिला नाही. एकामागून एक पेट्या जळू दिल्या, प्रत्येकीतून काही शिकला, आणि १९६० च्या सुमारास शोमन नावाचा कितीतरी अधिक बलवान ध्वनिवर्धक घडविला. त्याची मांडणी इतकी सरळ होती की इतरांनाही तिच्यावरून शिकता आले. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये जो ध्वनिवर्धक तयार झाला आणि पुढे फेंडरच्याच तोडीची कीर्ती पावला, तो फेंडरच्या बासमन या पेटीवर बेतलेला होता.

दीर्घकाळच्या आजाराने खचून फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये आपला कारखाना सी. बी. एस. या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकला. त्यापूर्वीच्या पेट्या व गिटारी वादक आजही आवर्जून शोधतात आणि मोठी किंमत देऊन घेतात. प्रकृती सुधारल्यावर एवढ्या संपत्तीचा धनी स्वस्थ बसला असता तरी त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु तो पुन्हा कामाच्या टेबलाशी जाऊन बसला. आणखी दोन वाद्यकारखान्यांशी त्याने आपले नाव जोडले. उतारवयात कंपवाताने हात थरथरू लागले, तरी शेवटपर्यंत त्याचे काम सुटले नाही. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ज्या फुलर्टनमध्ये त्याने दुकान थाटले होते तेथेच त्याचे देहावसान झाले.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे वळू. ती तत्काळ वाजवून पाहण्याची तरुणाला घाई झाली होती. म्हातारबाबांनी त्याचा हात धरला. पेटी अमेरिकेतील ११७ व्होल्टच्या विजेसाठी केलेली. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. सरळ जोडली असती तर आतला ट्रान्स्फॉर्मर क्षणात जळला असता. म्हणून दाब उतरविणारा वेगळा ट्रान्स्फॉर्मर प्रथम आणविला. दुसरे असे की, अशा पेटीतील मोठे कंडेन्सर वीज काढून घेतल्यावरही तीनशे व्होल्टहून अधिक दाब धरून राहू शकतात आणि तो प्राणघातक ठरू शकतो. ते रिकामे करूनच त्यांनी आत हात घातला. जाणत्या माणसावाचून असली पेटी कोणी उघडू नये, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यामुळे ते कंडेन्सर सुकले होते, तेवढे बदलले. दोन पिनांची जुनी वायर काढून मातीशी जोडणारी तीन पिनांची लावली. एक व्हॉल्व्ह क्षीण झाला होता. असे व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया, चीन अशा मोजक्या देशांतच होतात. तो मागवून येईपर्यंत महिना गेला. कर्ण्याचा कागद किड्यांनी कुरतडला होता, त्यावर पातळ कागदाचे ठिगळ डिंकाने बसविले. बाकी सारे जसेच्या तसे ठेवले. तरुणाचा विचार होता की आतील सर्वच भाग नवे घालावेत. जे चालते आहे त्याला हात लावू नये, हीच या विद्येतील पहिली शिस्त, असे म्हातारबाबांनी त्याला समजाविले.

मग सिरीजमध्ये दिवा जोडून वीज दिली. दिवा एकदा लखलखला आणि मंद झाला. याचा अर्थ आत कोठे शॉर्ट नव्हता. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह नारिंगी उजळले. तरुणाने एकच तार छेडली. कित्येक वर्षे मुकी असलेली ती पेटी अशा गोड, भरदार स्वरात बोलली की आम्ही तिघेही काही वेळ काही बोललो नाही.

मला वाटले, आता मागची फळी बसवावयाची आणि काम संपले. परंतु म्हातारबाबांनी एक कोरा कागद मागितला. कोणते भाग बदलले, कोणते जुने ठेवले, वीज किती व्होल्टची द्यावी, हे त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले, खाली तारीख घातली, आणि तो कागद १९५९ च्या त्या पिवळ्या कागदाशेजारी चिकटविला. आपल्यामागून ही पेटी कोण उघडील, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्याकडे ही विद्या शिकावयास त्या दिवसापर्यंत कोणी आले नव्हते. त्या संध्याकाळी मात्र तरुणाने व्हॉल्व्ह कसा तपासतात हे त्यांना विचारले, आणि मी दिवा पुन्हा जवळ धरला.