नौशेराचे शेर : ब्रिगेडियर महंमद उस्मान

ब्रिगेडियर हा हुद्दा कर्नलच्या वरचा. ब्रिटिश सैन्यात पूर्वी त्यास ब्रिगेडियर जनरल म्हणत. पायदळाच्या साधारण तीन पलटणी मिळून एक ब्रिगेड होते. वरिष्ठांची योजना रणांगणावर उतरवणे, कोणती पलटण कोठे लावायची व राखीव दल केव्हा पुढे काढायचे हे ठरवणे, ही त्याची जबाबदारी.

ती कशी पेलावी हे महंमद उस्मान यांनी दाखवून दिले. १९१२ साली आझमगड जिल्ह्यातील बीबीपूर येथे जन्मलेला, बालपणी अडखळत बोलणारा हा मुलगा सँडहर्स्टला शिकून बलूच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. मोठ्या पदाची आशा दाखवली गेली, तरी उस्मान भारतातच राहिले.

डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीर आघाडीवरील झंगड हातचे गेले. ते परत घेईपर्यंत खाटेवर निजायचे नाही, असा ५० पॅराशूट ब्रिगेडच्या या प्रमुखाने निश्चय केला. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेरावरील प्रचंड हल्ला त्यांनी परतवला. मार्चमध्ये झंगड जिंकले. त्यांच्या ब्रिगेडमध्ये आपली मराठा पलटणही होती.

३ जुलै १९४८ रोजी झंगड येथे तोफगोळ्याने ते शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या परिसरात त्यांची कबर आहे.

पगारातील मोठा वाटा ते गरीब मुलांच्या शिक्षणासाठी देत. वाशीतील पालकांनी हे चरित्र मुलांना अवश्य सांगावे.