बहिणाबाई चौधरी आणि भाषेचे अलंकार



उपमा, रूपक यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. इंग्रजीतले सिमिली आणि मेटाफरही पाठ करतात. पण स्वतःचं एक वाक्य कर म्हटलं की गप्प बसतात. अशा वेळी मुलांना बहिणाबाईंचं चरित्र सांगावं.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीला जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या शेतकरी घरात झाला. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. ऐन तिशीत पती नथुजी गेले. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन लेकरं पदरात होती. शेती आणि घर दोन्ही त्यांनी सांभाळलं.

काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ऐकून उतरवून घ्यायचे. जे उतरवलं नाही, ते कायमचं गेलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आता अलंकाराकडे वळू. संसार कसा असतो हे सांगताना त्यांना चुलीवरचा तवा आठवला. तिथे ‘जसा’ हा शब्द येतो, म्हणून ती उपमा. इंग्रजीत हेच काम ‘लाईक’ आणि ‘ॲज’ करतात. मनाबद्दलच्या एका ओळीत मात्र ‘जसा’ नाही, ‘सारखा’ नाही. मन म्हणजेच पिकात घुसणारं गुरू, हाकललं तरी परत येणारं. दोन्ही एकच मानले, म्हणून ते रूपक, म्हणजेच मेटाफर.

तवा रोज हातात होता, गुरं रोज हाकलावी लागत होती. अलंकार त्यांनी भाषा सजवायला आणला नाही. जे सांगणं अवघड, ते ओळखीच्या वस्तूतून सांगितलं.

म्हणून वर्गात चंद्रासारखं मुख सांगण्याआधी मुलांना विचारा, तुमचा राग कशासारखा? केळीची बाग, कापसाचं बोंड, उन्हाळ्यातली तापी, काहीही येऊ द्या. व्याख्या नंतर सांगा. पालकांनीही घरची बोली अशुद्ध म्हणून मुलांना अडवू नये. बहिणाबाईंना कुणी तसं अडवलं असतं, तर ती वहीच झाली नसती.