न्हाव्याचा मुलगा आणि पाण्याचं घड्याळ

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात एक गणित हमखास येतं. टाकीच्या तळाला भोक आहे. टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागेल? आपण इंटिग्रेशन करतो, मार्क पदरात पाडून घेतो आणि विसरतो. पण या गणितामागची अडचण कॅल्क्युलस नसलेल्या काळात एका माणसाने सोडवली होती. त्याचं नाव टेसिबियस. त्याच्याबद्दल वाचलं आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

टेसिबियस इ.स.पू. ३ऱ्या शतकातला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात तो राहायचा. तिथे ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांची सत्ता होती. वडील न्हावी. त्यांच्या दुकानातला आरसा सहज वर-खाली करता यावा म्हणून या पोराने दोरी, कप्पी आणि वजन अशी जोडणी केली. वजन म्हणून शिशाचा गोळा नळीत सोडलेला. आरसा हलवला की गोळा नळीतून सरके, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि आवाज होई. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आवाज करतोय, तेल घाला! याने मात्र तो आवाजच धरून ठेवला. दाबलेली हवा काम करू शकते, हे त्याला तिथे उमगलं. पुढे त्याने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. दोन सिलिंडर, दट्ट्या आणि झडपा असलेला पंपही त्याचाच. ऑर्गन वाजवायला त्याने आपल्या बायकोला, थाइसला, शिकवलं असं म्हणतात.

आता घड्याळाकडे येऊ. पाण्याची घड्याळं त्याच्या आधी हजारो वर्षं नाही तरी हजारभर वर्षं नक्कीच होती. इजिप्तमध्येच कर्नाकला इ.स.पू. १४व्या शतकातलं अलाबास्टर दगडाचं घटपात्र सापडलंय. अथेन्सच्या कोर्टात भाषणाची वेळही पाण्यानेच मोजत. गोची एकच. भांड्यातलं पाणी उतरत गेलं की दाब कमी होतो आणि धार मंदावते. इजिप्तच्या कारागिरांनी भांड्याच्या बाजू तिरक्या ठेवून हा फरक बराचसा भरून काढला. टेसिबियसची वाट वेगळी. अभ्यासक त्याच्या घड्याळाची जी रचना मांडतात, तीत मधल्या टाकीत पाणी सतत येत राहतं आणि जास्तीचं बाहेर वाहून जातं. पातळी बदलत नाही, म्हणून धारही बदलत नाही. आपल्या लॅबमधली कॉन्स्टंट हेड टँक ती हीच की!

छिद्राचाही त्याने विचार केला. साधं भोक झिजतं, गाळाने तुंबतं. म्हणून त्याने ते सोन्यात किंवा रत्नात पाडलं. एकसारख्या धारेने खालचं भांडं भरे, तरंग वर चढे आणि त्यावरची छोटी मूर्ती काठीने तास दाखवी. दातेरी पट्टी आणि चाकांनी बाहुल्या हलत, खडे पडत, तुताऱ्या वाजत.

पण तिथला तास ठरावीक लांबीचा नव्हता. आपली घटिका बारा महिने २४ मिनिटांची. तिथे सूर्योदय ते सूर्यास्त यांचे १२ भाग करत. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब, हिवाळ्यात आखूड. धार कमी-जास्त करून हे जमवणं बेभरवशाचं होतं. म्हणून पाणी तसंच ठेवून स्तंभावर प्रत्येक महिन्यासाठी तासांच्या वेगळ्या रेषा आखत.

मला वाटतं, त्याचं मोठेपण यातच आहे. चूक होऊ द्यायची आणि मग आकडेमोडीने सुधारायची, यापेक्षा चुकीचं मूळच काढून टाकायचं. कॉपी-पेस्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ झालं.

दुर्दैव असं, की टेसिबियसने लिहिलेला एकही ग्रंथ आज उरलेला नाही. साधारण २०० वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने त्याच्या यंत्रांचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून आरशाची ही गोष्टही आपल्यापर्यंत पोहोचली. तेव्हा दोस्तहो, प्रोजेक्ट बनवाल तेव्हा नीट लिहूनही ठेवा, आणि दुसऱ्याचं चांगलं काम दिसलं तर तेही लिहा. कोण कोणामुळे टिकेल, सांगता येत नाही.