दिवा धरणाऱ्या तरुणीचे चित्रकार : सावळाराम हळदणकर



एका हातात पेटता दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांमधून पाझरणारा लालसर उजेड. साडी नेसलेली ही तरुणी आपण कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या तरी बैठकीत पाहिलेलीच असते. चित्र कुणाचं असं विचारलं तर दहातले आठ जण राजा रविवर्मा म्हणून मोकळे होतात. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतही तेच नाव. आता हे बघा, रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे! ते काढलं आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. शाळेत असताना मालणकर नावाच्या चित्रकला शिक्षकांनी या मुलाचा हात ओळखला. सावंतवाडी संस्थानची मदत मिळाली आणि मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायची सवय आपल्याकडे बऱ्याच शाळांत आहे, म्हणून मालणकर गुरुजींचं नाव मुद्दाम सांगितलं.

पुढे १९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली. म्हणजे तेही मास्तरच. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. तैलरंगातली त्यांची व्यक्तिचित्रं गाजली, पण खरी हुकूमत जलरंगावर.

आणि जलरंग म्हणजे काय ते शाळेत रंगपेटी उघडणाऱ्याला विचारा. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक, चूक खालून दिसतच राहते. शिवाय उजेड दाखवायला पांढरा रंग लावत नाहीत. तिथं कागदच कोरा राखायचा. म्हणजे या चित्रातली ज्योत कुठं असणार, बोटांत किती लाली येणार, हे सगळं पहिला फटकारा मारण्याआधी डोक्यात पक्कं हवं. अंधाराचं मोठं चित्र आणि तेही जलरंगात! हे धाडसच होतं.

दिवाळीच्या दिवसांत दिवा घेतलेली आपली मुलगी गीता पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. मग तिलाच दिवा घेऊन तासन्‌तास उभं केलं. फ्रान्समधल्या क्लोद मोनेनं १८७५ साली उन्हात छत्री घेऊन उभी असलेली स्त्री रंगवली, तीही त्याची बायकोच, सोबत मुलगा. मोनेसारखे दृक्प्रत्ययवादी चित्रकार उजेड पकडायला उघड्या माळावर गेले. हळदणकरांनी घरातला एक दिवा घेतला. दोघांची रीत अगदी वेगळी, पण दोन्ही चित्रांत माणसाइतकाच उजेडही महत्त्वाचा आहे. (वर्गात अंधार करून टॉर्चवर तळहात धरायला लावा. बोटं लाल दिसली की पोरं आपोआप चित्राकडं वळतात.)

चित्राचं इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप'. ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. त्याच दालनात रविवर्म्यांचीही चित्रं आहेत, आणि छापील चित्रं घरोघर पोचवली ती रविवर्म्यांच्या छापखान्यानं. नावांचा घोळ झाला तो बहुधा यातूनच. घोळ कसा झाला हे समजतं, पण तो तसाच चालू ठेवणं मला पटत नाही. ज्यानं एवढी जोखीम घेऊन कागद कोरा राखला, त्याचं नाव निदान शाळेच्या भिंतीवरच्या चित्राखाली तरी बरोबर लिहावं.

हळदणकर १९६८ साली गेले. गीताताई उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ मध्ये कोल्हापुरात वारल्या. तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली आणि पुष्कळ लोकांना पहिल्यांदाच कळलं की कॅलेंडरवरची ती तरुणी खरोखरची कुणीतरी होती.